बाटली नांदेडला, निरोप लातूरला

"तू मेलेलं मांस पाठवलंस, यज्ञेश. मी त्यात काय वाचू? पंचांग?"

"मॅडम, गाठीच्या बरोब्बर मधोमध सुई घातलीय मी. फोटो आहे माझ्याकडं. टोक दिसतंय सुईचं, हे बघा."

"मधोमध घातलीस हेच तर चुकलं! एवढी मोठी गाठ, तिच्या पोटापर्यंत रक्त पोचतच नाही. आत सगळं मरून भुसा झालेला असतो. जिवंत असते ती कड. कडेचा तुकडा घे म्हणून किती वेळा सांगायचं?"

"मी बोर्डात आलेला मुलगा आहे, मॅडम."

"मग बोर्डातच राहायचं होतंस. पेशंटच्या लिव्हरमध्ये कशाला शिरलास?"

ही चौदा सालची गोष्ट. सिंधु तेव्हा दाराबाहेर उभी होती, हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप चहा. आत जावं तर भांडणात सापडावं, न जावं तर चहा गार होणार. तिनं जरा वेळ वाट पाहिली आणि एक कप स्वतःच पिऊन टाकला.

आत भांडत होते ते दोघेही शिकून शिकून गळ्यापर्यंत भरलेले. डॉ. यज्ञेश सोनोग्राफीत बघून पोटात सुई घालायचे आणि गाठीचा तुकडा काढायचे. डॉ. विशाखा तो तुकडा काचेवर घेऊन दुर्बिणीखाली बघायच्या आणि आजाराचं नाव सांगायच्या. एकानं काढायचं, दुसरीनं वाचायचं. दोघं एकमेकांशिवाय आंधळे. पण ते कळायला जी अक्कल लागते, ती बहुतेक कुठल्या परीक्षेला नसावी.

भांडण झालं आणि आठवड्याच्या आत विशाखाबाई लातूर सोडून नांदेडला गेल्या. तिथं त्यांनी आपली लॅब टाकली. यज्ञेशनं मग तुकडे इकडं तिकडं पाठवून बघितले. कुणाचा रिपोर्ट तीन पानी यायचा आणि तिन्ही पानांत "असूही शकेल, नसूही शकेल" एवढंच. शेवटी त्याचे वडील, दवाखान्याचे मोठे डॉक्टर शरदचंद्र, वैतागून म्हणाले, "अवघड बाटली विशाखाकडंच जाईल. तुझं तोंड वाकडं होत असेल तर होऊ दे."

यज्ञेश म्हणाला, "मी तिला फोन करणार नाही."

तिकडं विशाखाबाई म्हणाल्या, "मी त्याचा उचलणार नाही."

मग हे जमायचं कसं? तर सिंधुमावशी. चौथी पास. बाटली घेऊन एसटीनं नांदेडला जायची, रिपोर्ट घेऊन परत यायची. कागदावर डॉक्टरीणबाई दोन ओळी लिहायच्या, तेवढ्यात जेवढं मावेल तेवढं. बाकीचं तोंडी. "त्याला सांग" म्हणून सुरू व्हायच्या, त्या चहा येईपर्यंत थांबायच्या नाहीत. इकडून यज्ञेशचंही तसंच, "त्यांना सांगा मावशी." दोन शहाण्यांच्या मधे पाच वर्षं ही बाई टपालासारखी फिरली.

आता ही सिंधु कोण, तर औसा तालुक्यातली. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं घर बसलं, माणसं सगळी वाचली. अंगणात झोपली होती म्हणून वाचली, त्यात कुणाची हुशारी नव्हती, उकाडा होता. शरदचंद्रांनी तेव्हा लातुरात रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड टाकून जखमींचा दवाखाना चालवला. सिंधु तिथं पाणी द्यायला म्हणून गेली आणि राहिलीच. शेडचा दवाखाना झाला, दवाखान्याचे तीन मजले झाले, सिंधुची सिंधुमावशी झाली. काम तेच. स्ट्रेचर ओढ, चादर बदल, पेशंटचा हात धर.

शेड होतं त्या रस्त्यावर पुढं क्लासेस आले. भूकंपानं गावं पाडली आणि दहा वर्षांत क्लासवाल्यांनी शहर फुगवलं. जिथं माणसं ओळीनं झोपवली होती, तिथं आता ओळीनं पोरांचे फोटो टांगलेले, टक्क्यांसकट. यज्ञेशचाही होता. कोपऱ्यात त्याच्या सरांचा फोटो, आणि तो यज्ञेशच्या फोटोपेक्षा मोठा. पोरगं पहाटेच्या बॅचला जायचं, सिंधु मागनं डबा घेऊन पोचवायची. बाकावर पन्नास पोरं, समोर सर, आणि सर पोरं विचारतील ते नाही, तर पेपरात येणार ते शिकवायचे. यज्ञेश हुशार होता, खोटं कशाला बोला. चार उत्तरं पुढं ठेवली की बरोबर उत्तरावर झटकन बोट ठेवायचा. पंचाईत एवढीच की माणसाच्या पोटातली गाठ अ-ब-क-ड लिहून येत नाही.

अठरा साली यज्ञेश हैदराबादला तीन दिवस शिकून आला आणि नवीन मशीन घेऊन आला. त्यात काय, तर शिरेतून एक दुधासारखं औषध द्यायचं. औषध कसलं, वायूचे बुडबुडे. इतके बारीक की रक्ताबरोबर वाहत जातात. जिथं रक्त पोचतं तिथं बुडबुडे पोचतात आणि पडद्यावर ती जागा उजळते. जिथं काही जिवंत उरलेलं नाही, ती जागा काळी ठिक्कर पडते. म्हणजे गाठीचं जिवंत कुठं आणि मेलेलं कुठं, हे सुई घालण्याआधी डोळ्यांनी दिसतं. विशाखाबाई जे घसा फोडून सांगत होत्या, ते मशीन मुकाट्यानं दाखवत होतं.

मग यज्ञेशनं काय करावं? आधी बोर्ड लावला. "मराठवाड्यात प्रथमच." औरंगाबादला कुणाकडं आहे का, नांदेडला आहे का, विचारतो कोण? बुडबुडे देऊन फोटो काढायचा, तो फाइलीला लावायचा. आणि आठ दिवसांनी सुई घालायची वेळ आली की पुन्हा जुन्या साध्या पडद्यावर, अंदाजानं, मधोमध. एकदा सिस्टर म्हणाली, "सर, आता पण देऊ का ते औषध?" तर म्हणाला, "मला दिसतं." रस्ता आधी बघून घ्यायचा आणि चालताना डोळे मिटायचे, असली ती तऱ्हा.

तारामती आली ती एकोणीस सालच्या उन्हाळ्यात. पन्नाशीची बाई, किल्लारीच्या बाजूची, पुनर्वसनाच्या गावात घर, नवरा किशनराव, तीस एकर सोयाबीन. दोन महिने ताप. अंगातली चोळी सैल झालेली. लिव्हरमध्ये मोसंबीएवढी गाठ. सगळ्यांनी गाठ बघितली आणि तोंडं पाडली. कुणी "कॅन्सर" म्हणालं नाही, पण किशनरावांना कोपऱ्यात घेऊन ज्या आवाजात बोलायला लागले, त्या आवाजाला दुसरा अर्थ नसतो.

पहिली सुई झाली. बाटली घेऊन सिंधु निघाली. बाटली स्टीलच्या डब्यात, डबा फडक्यात, फडकं मांडीवर. अहमदपूरला शेजारी एक जण बसला, त्यानं विचारलं, "काय हाय मावशी डब्यात? वास लई उग्र हाय."

"लिव्हर."

"बकऱ्याचं?"

"बाईचं."

लोह्यापर्यंत सिंधुला अख्खं बाकडं मोकळं मिळालं.

विशाखाबाईंनी बाटली उजेडाला धरली तेव्हाच त्यांचं तोंड उतरलं. तुकडा हलवला तर त्याचा भुगा झाला. चार दिवसांनी सिंधु रिपोर्ट आणायला गेली. कागदावर एकच ओळ, "फक्त मृत पेशी, नमुना पुन्हा पाठवावा." आणि तोंडी निरोप असा:

"त्याला सांग, विझल्या चुलीच्या मधे राख असते आणि विस्तव असतो कडेच्या गोवरीत. यानं राख उपसून पाठवलीय. ते बुडबुड्यांचं मशीन काय नुसतं दारावर बोर्ड लावायला आणलंय? फोटो काढताना बुडबुडे आणि सुई घालताना अंधार, हे कुठल्या गाढवानं शिकवलं म्हणावं. सुई घालतानाच बुडबुडे दे. उजळेल त्या कडेचाच तुकडा घे. नसेल जमत तर पुन्हा क्लास लाव म्हणावं, पहाटेची बॅच."

"सांगते," सिंधु म्हणाली.

सिंधुची निरोप पोचवायची एक रीत होती. नांदेडहून निघताना निरोप भरलेला असायचा. वाटेत ती एकेक शब्द काढून टाकायची, तांदळातले खडे काढावेत तसे. या वेळी लोह्याला तिनं "गाढव" काढलं. अहमदपूरला "पहाटेची बॅच" काढली. लातूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत "चूल" आणि "राख" पण गेली, कारण राख म्हणलं की त्याला राग येणार. यज्ञेशसमोर उभी राहिली तेव्हा तिच्याजवळ एवढंच शिल्लक होतं:

"मॅडम म्हणल्या, पुन्हा पाठवा."

"एवढंच?"

"एवढंच."

आणि तिला वाटलं, आपण भांडण टाळलं. पाच वर्षं तिला हेच वाटत आलं होतं. दवाखान्यातल्या सगळ्यांनाही वाटत होतं, की मावशी आहे म्हणून दोघांत निभतं. बाईचा थोडा तोराच होता त्या गोष्टीचा.

यज्ञेशनं पुन्हा पाठवलं. आठ दिवसांनी तीच सुई, तोच साधा पडदा, तेच मधोमध. तारामतीनं या वेळी ओठ चावून रक्त काढलं. सिंधु डबा घेऊन नांदेडला, आणि चार दिवसांनी पुन्हा नांदेडला, रिपोर्टसाठी. कागदावर तीच ओळ.

विशाखाबाई उठून उभ्या राहिल्या. "मी काय सांगितलं होतं? बुडबुड्यांसकट सुई घाल म्हणून सांगितलं होतं ना? सांगितलंस का त्याला?"

सिंधु डब्याच्या फडक्याची गाठ सोडत बसली.

"सिंधुताई, सांगितलंस का?"

"न्हाई, बाई."

"मग काय सांगितलंस?"

"पुन्हा पाठवा, असं म्हणले."

विशाखाबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "मग त्यानं पुन्हा पाठवलं. त्याचं काय चुकलं?"

शिव्या दिल्या असत्या तर सिंधुला सोसल्या असत्या. हे लागलं. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "तुमी शिव्या घालून राहिल्या, बाई. त्यात औषध कुठलं अन् शिवी कुठली, मला कशी निवडता यावी? मी चौथी शिकले. तुमी चिठ्ठी लिहून द्यायची होती."

"त्याला चिठ्ठी? मी?"

"मंग एका बाईच्या पोटात दुसऱ्यांदा सुई गेली, ती मी गाळलं म्हणून, का तुमी लिहिलं न्हाई म्हणून?"

विशाखाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चिठ्ठी काही लिहिली नाही. मान एवढी वाकत नव्हती. पण त्यांनी निरोप पुन्हा सांगितला, सावकाश, आणि सिंधुकडून वदवून घेतला. सुई घालतानाच बुडबुडे. उजळेल त्या कडेचे तीन तुकडे. दोन बाटलीतल्या नेहमीच्या औषधात, ज्यात तुकडा सडत नाही. तिसरा त्या औषधात घालायचा नाही, वेगळ्या बाटलीत साध्या सलाईनमध्ये.

"तिसरा सलाईनमध्ये कामून?"

"ताप आहे तिला दोन महिने. मला एक शंका आहे. औषधात बुडवला तर जंतू मरतात, मग ती तपासताच येणार नाही."

सिंधु पोरीनं पाढा म्हणावा तसं ते म्हणत लातूरला आली.

इकडं किशनरावांनी पिशव्या भरल्या होत्या. "दोनदा भोसकलं बाईला. गावातले सगळे म्हणून राहिले, सुई लावली की गाठ पसरती. आता न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं माहूरला नेतो. देवीपुढं घालतो. ती बघंल काय करायचं ते."

"देवी तपासून राहिली का आता?" सिंधु म्हणाली. "नंबर लावला का तिकडं?"

"चेष्टा करू नका, मावशी. माझी बायको मरायला लागली."

कॉटवरनं तारामती बोलली. आवाज बारीक, पण शब्द सगळे जागच्या जागी. "मला आणखी एक डाव टोचा. कशानं मरून राहिले, त्याचं नाव तरी कळू द्या मला. भूकंपात समद्यांच्या कागदावर एकच लिहिलं, भूकंप. माझी सासू आधी आठ दिवस तापानं फणफणली होती, तिच्याबी कागदावर भूकंप. मला तसलं नको."

किशनरावांनी हातातली पिशवी कॉटवर टेकवली. मग म्हणाले, "एकच डाव. हे चुकलं तर मी कुणाचं ऐकणार न्हाई."

म्हणजे सगळं त्या एका सुईवर आलं. ती चुकली तर बाई बिननावाच्या आजारानं घरी जाणार आणि कुणी काही औषध देणार नाही, कारण कशावर द्यायचं तेच ठाऊक नाही.

सिंधु यज्ञेशच्या केबिनमध्ये गेली, दार लावलं आणि निरोप सांगितला. आधीचा आणि आत्ताचा, दोन्ही. या वेळी एकही खडा काढला नाही. राख, गाढव, पहाटेची बॅच, सगळं जसंच्या तसं, वर विशाखाबाईंच्या आवाजात. यज्ञेशचे कान लाल झाले.

"हे सगळं मॅडमनी सांगितलं?"

"मागच्या खेपेलाच सांगितलं होतं. मी गाळलं."

"का गाळलं?"

"तुमची इज्जत राखली, दादा. अन् तिची सुई वाया घातली."

यज्ञेशनं पेन उचललं, ठेवलं. खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाला, "मी या वेळी तसंच करणार होतो. बुडबुडे देऊनच."

"हाव," सिंधु म्हणाली. "असंच आसंल."

दुसऱ्या दिवशी सिंधु पहिल्यांदा सुईच्या वेळी आत थांबली. आधीच्या दोन्ही वेळा ती बाहेर चादरी मोजत होती. खोलीत अंधार, कारण पडदा नीट दिसावा. एसी गार. तारामतीला उताणं झोपवलं आणि उजवा हात डोक्यावर घ्यायला लावला, कारण तसं केलं की बरगड्या उघडतात. हात वर गेला आणि बाई लाकूड झाली. यज्ञेश म्हणाला, "श्वास रोका." बाईनं रोकला नाही, भसकन ओढला आणि अख्खं अंग वर उचललं.

"बघा," सिस्टर म्हणाली. "मागच्या दोन्ही वेळा हेच. मी लिहिलंय फाइलीत, पेशंट सहकार्य करत नाही."

सिंधु कॉटजवळ गेली. "तारा, तू दबली होतीस का गं?"

तारामतीनं मान डोलावली.

"किती वेळ?"

"उजाडायच्या आधीपासून दुपारपर्यंत. हात असाच वर, तुळईखाली. श्वास घेतला की माती यायची तोंडात. म्हणून रोकून धरायची."

त्र्याण्णवला यज्ञेश आठ वर्षांचा होता, सिस्टर जन्मली नव्हती, हे खरं. पण हा दवाखाना उभाच राहिला तो अशा बायकांच्या जखमा बांधून. शेडमध्ये असताना प्रत्येकीला विचारत होते, कुठलं गाव, किती वेळ दबली होतीस. तीन मजले झाल्यावर विचारायचं बंद झालं. फाइलीत गावाचं नाव पहिल्या पानावर होतं, कुणी वाचलं नाही. आणि वरनं सहकार्य नाही!

"दादा, दिवा लावा," सिंधु म्हणाली.

"दिवा लावला तर पडदा दिसत नाही, मावशी."

"मंग दार उघडं ठेवा."

दार उघडलं. व्हरांड्यातला उजेड तारामतीच्या पायांवर पडला. सिंधुनं डोक्याशी स्टूल ओढलं, बसली, आणि तारामतीचा उजवा हात आपल्या गळ्याभोवती घेतला. "असाच राहू दे. जड न्हाई मला. आता श्वास रोक म्हणून कुणी म्हणणार न्हाई. मी सांगते तसं कर. चूल फुंकल्यावाणी फू कर. सगळा वारा जाऊ दे. अन् मंग थांब, धूर जाईपर्यंत. धुरात कुणी श्वास घेतं का?"

"न्हाई."

"मंग झालं."

सिस्टरनं औषधाची छोटी बाटली खळखळ हलवली, दुधासारखं झालं, ते हाताच्या शिरेतून दिलं, मागनं सलाईन ढकललं. पडदा दोन भागांत. एकीकडं नेहमीची राखाडी गाठ, दुसरीकडं नुसता काळोख. यज्ञेश पुटपुटत सेकंद मोजत होता. पंधरा, सोळा, सतरा... आणि काळोखात उजेड शिरायला लागला. आधी एक बारीक रेघ, मग रेघांच्या फांद्या, मग गाठीभोवती एक कडं पेटलं. कडं तेवढं. आत काही नाही. मधोमध, जिथं दोनदा सुई गेली होती, तिथं काळं, विहिरीसारखं.

यज्ञेश ते बघत होता आणि सिंधु यज्ञेशला बघत होती. क्लासमध्ये उत्तर चुकलं की त्याच्या खालच्या ओठाची कड आत जायची, ती गेली.

"फू," सिंधु म्हणाली.

तारामतीनं फुंकर सोडली.

"थांब."

खट्. सुईचा आवाज झाला. तारामतीचा हात सिंधुच्या मानेवर घट्ट झाला, पण अंग हललं नाही. उजेड ओसरला तसं पुन्हा औषध दिलं, पुन्हा कडं पेटलं, पुन्हा फू, थांब, खट्. असं तीनदा. तीन तुकडे निघाले, शेवयांसारखे, पांढरट, सलग. दोन औषधात गेले आणि तळाला बसले. तिसरा सिस्टर सवयीनं त्याच औषधात सोडायला निघाली होती, सिंधुनं मनगट धरलं. "तो सलाईनमध्ये."

"मावशी, तुम्ही आता डॉक्टर झालात का?"

"न्हाई बाई. मी कुठं क्लास लावला?"

नांदेडला विशाखाबाईंनी बाटली उजेडाला धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. "हे मांस आहे," एवढंच म्हणाल्या. तुकडा मोडत नव्हता. सिंधुला त्यांनी पहिल्यांदाच चहाबरोबर बिस्किटं दिली.

रिपोर्ट पाच दिवसांनी मिळणार होता. तो दिवस म्हणजे महिन्याची एकतीस तारीख, आणि सिंधुच्या नोकरीचाही शेवटचा दिवस. अठ्ठावन्न झाली होती, गुडघे बोलायला लागले होते. दवाखान्यात संध्याकाळी पाचला कार्यक्रम ठेवला होता. आधी यज्ञेशच्या नव्या बोर्डाचं उद्घाटन, मग वेळ उरला तर मावशीला शाल-नारळ. पत्रिकेत असंच छापलं होतं, "वेळ उरल्यास" तेवढं सोडून.

सिंधु सकाळच्या गाडीनं नांदेडला गेली. विशाखाबाई दारातच उभ्या होत्या. "टीबी आहे, सिंधुताई. लिव्हरमधला टीबी. कडेला सगळं स्पष्ट दिसतंय, आणि सलाईनमधल्या तुकड्यात जंतूही सापडला. कॅन्सर नाही. गोळ्या घेईल आणि बरी होईल."

सिंधु पायरीवर बसली.

"आता निरोप नीट ऐक," विशाखाबाई म्हणाल्या. "गोळ्या सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी लिव्हरचं रक्त तपासायचं. या गोळ्या लिव्हरला त्रास देतात आणि हिचं आधीच दुखावलेलं आहे. मधे गोळ्या सोडायच्या नाहीत."

"पंधरा दिवसांनी रक्त. गोळ्या सोडायच्या न्हाईत."

"हां. आणि त्याला सांग..." बाई अडखळल्या. ज्या बाईंना शिव्या आठवाव्या लागत नव्हत्या, त्यांना आता शब्द सापडेना. "सांग, तुकडा फार छान घेतला होता. कडेचा, बरोब्बर. असा तुकडा मी वर्षानुवर्षं बघितला नाही. शिकला म्हणावं. सांगशील?"

"सांगते की."

गाडी लोह्याच्या पुढं गेली. सिंधु मांडीवर पाकीट घेऊन बसली होती. चुकीच्या जागी दोन सुया, बाईच्या ओठाचं रक्त, फाइलीतलं "सहकार्य नाही," हे सगळं तिनं एकदा मनात फिरवलं. अहमदपूर आलं, गेलं. कामाचं तेवढं तिनं पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं.

लातूरला दवाखान्यासमोर दोन माणसं शिडीवर चढून बोर्ड ठोकत होती. यज्ञेशचा फोटो, हाताची घडी, मागं उजळलेलं लिव्हर. "बुडबुड्यांच्या तंत्रानं अचूक निदान." खाली बारीक अक्षरात आणखी काही होतं, ते तिनं वाचलं नाही.

केबिनमध्ये तिनं पाकीट दिलं. यज्ञेशनं रिपोर्ट वाचला, डोळे मिटले, उघडले. मग कागद बाजूला ठेवून, इकडं तिकडं बघत विचारलं, "मॅडम काय म्हणल्या?"

"गोळ्या सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी लिव्हरचं रक्त तपासा म्हणल्या. त्या गोळ्या लिव्हरला त्रास देतेत. अन् मधे सोडायच्या न्हाईत."

"हो, ते आहेच. आणखी?"

"आणखी काय?"

"काही नाही. म्हणजे तुकड्याबद्दल वगैरे."

सिंधुनं जरा आठवल्यासारखं केलं. "बाटलीवरचं नाव ठळक लिहीत जा म्हणल्या. वाचता येत न्हाई."

यज्ञेशनं मान डोलावली आणि पेनानं कागदावर उगाच एक रेघ ओढली.

वॉर्डात तारामती उठून बसली होती. किशनराव पिशवी धरून उभे, अजून न्यायचं का ठेवायचं ते न कळून. सिंधु कॉटच्या कडेला टेकली. टीबीचे पेशंट तिनं शेडपासून बघितले होते.

"नाव आलं तुझं. टीबी."

"कॅन्सर न्हाई?" किशनरावांनी विचारलं.

"टीबी म्हणले ना. आता पिशवी खाली ठेवा. तारा, ऐक. गोळ्या रोज उपाशीपोटी. बरं वाटायला लागलं म्हणून सोडायच्या न्हाईत. पंधरा दिवसांनी रक्त द्यायला यायचं, शेतात काम हाय म्हणायचं न्हाई. डोळे पिवळे झाले, उलट्या झाल्या, तर त्या दिवशीच यायचं. अन् लघवी लाल व्हईल. गोळीचा रंग हाय तो. रक्त पडलं म्हणून गाव गोळा करू नको."

"लाल?"

"लाल. काय सांगितलं? म्हण बरं."

तारामतीनं सगळं म्हणून दाखवलं. एक विसरली, ते सिंधुनं पुन्हा सांगितलं. मग किशनरावांकडून म्हणून घेतलं. खाली माइकवर कुणीतरी "हॅलो, हॅलो" करायला लागलं होतं, मोठे डॉक्टर आले होते, मावशीला कुणी हाक मारतंय असंही वाटलं.

सिंधुनं कोपऱ्यातला आपला डबा उचलला आणि मोरीवर घासायला नेला.